‘लेग पीस हवाय?’ या पोस्टरला नाही कसं म्हणू?

पत्र

ताई, मी २७ वर्षांची ग्राफिक डिझायनर. पुण्यात नोकरी करते आणि शनिवार-रविवार प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात जाते. १ नोव्हेंबरच्या जागतिक व्हीगन दिनासाठी (व्हीगन म्हणजे मांस, अंडी, दूध असं प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारे) आम्ही चिकनविरोधी मोहीम आखतोय. गटाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी पोस्टरची कल्पना दिलीय. बिकिनीतली मुलगी, तिच्या अंगावर खाटकाच्या तक्त्यासारख्या तुटक रेषा, त्यावर ‘लेग’, ‘ब्रेस्ट’, ‘विंग’ अशी नावं आणि खाली मोठ्या अक्षरांत ओळ : ‘लेग पीस हवाय?’ मॉडेल म्हणून आमच्याच गटातली माझी मैत्रीण उभी राहणार आहे, अगदी आनंदाने. डिझाइन मी करायचं आहे.

मला ते डोळ्यांसमोर आणलं तरी कसंतरी होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं लिहिलं, तर ‘काकूबाई’ म्हणून हसले. दादा म्हणाले, ‘तिकडे प्राणी मरतायत आणि तुला बिकिनीचं पडलंय. चर्चा तर होईल ना?’ एक मुलगी म्हणाली, ‘तिचं शरीर, तिची मर्जी. तू कोण?’ याचं उत्तर मला देता आलं नाही. मी खरंच सोवळी झालेय का? नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? आणि गट सोडावा का?

– एक अस्वस्थ डिझायनर, पुणे

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

सोवळी झालेली नाहीस. तो प्रश्न मुळात तुझा नाहीच, ग्रुपवरच्यांनी तो तुझ्या गळ्यात घातलाय. मुलीला गप्प करायचं तर तिच्या आधुनिकपणावर शंका घ्यायची, ही आपल्याकडची फार जुनी सोय आहे. तुझा धंदा बघण्याचा आहे. तुझ्या डोळ्यांना काहीतरी खटकलं आणि कारण मागाहून शोधावं लागतंय, एवढंच झालंय. कारण आहे, आणि भक्कम आहे.

मी बरीच वर्षं मुंबईत जाहिरातींची कॉपी लिहून पोट भरलं. ‘लेग पीस हवाय?’ या जातीची ओळ बैठकीतला चहा यायच्या आत सुचते. मग सगळे हसतात, ती फळ्यावर लिहिली जाते आणि चहा संपेपर्यंत पुसली जाते. पुसायची कारण ती सगळ्यांनाच सुचलेली असते. दादांची ओळ पुसायला कुणी उरलं नाही, एवढाच फरक दिसतो.

आणि कल्पनाही दादांची नाही. २०१० साली प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘पेटा’ या संघटनेने पामेला अँडरसन या अभिनेत्रीला घेऊन नेमकं हेच केलं होतं. बिकिनी, अंगावर खाटकाच्या रेषा, प्रत्येक भागावर मांसाच्या तुकड्याचं नाव आणि ‘सगळ्या प्राण्यांचे अवयव सारखेच असतात’ अशा अर्थाची ओळ. अँडरसन जन्माने कॅनडाची, पण तिच्याच देशातल्या माँट्रियाल शहराच्या अधिकाऱ्यांनी अनावरणाच्या कार्यक्रमाला परवानगी दिली नाही. स्त्री-पुरुष समानतेसाठी सार्वजनिक संस्था जे झगडतायत त्याच्या हे विरुद्ध जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. पेटाला अर्थातच त्यातून बातम्या मिळाल्या. म्हणजे तुमचं पोस्टर हे एका जुन्या अमेरिकी पोस्टरची मराठी आवृत्ती आहे. बैठकीत हे सांगून टाक. ‘अश्लील आहे’ या आक्षेपावर दादांकडे उत्तर तयार असेल, ‘शिळं आहे’ यावर नसेल.

या वाटेचं पुढे काय होतं ते तपशिलात सांगते, कारण ‘चर्चा तर होईल ना’ या वाक्याचं उत्तर त्यात आहे.

पेटा १९८० साली अमेरिकेत सुरू झाली. १९९०च्या सुमाराला ‘फर घालण्यापेक्षा विवस्त्र राहीन’ या घोषणेची मोहीम निघाली. आधी एका गाजलेल्या महिला बँडच्या मुली, मग सुपरमॉडेल्स. तेव्हा तिच्यात एक गंमत होती, हे मी नाकारणार नाही. कपड्यांबद्दलची मोहीम कपडे उतरवून करायची, यात निदान मुद्द्याचा आणि चित्राचा काही संबंध होता. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? नाओमी कँपबेल १९९४ मध्ये त्या मोहिमेत होती आणि १९९७ मध्ये फर घालून रॅम्पवर चालली. मोहिमेने तिचं शरीर उसनं घेतलं होतं, तिची खात्री पटवलेली नव्हती.

एकदा ‘लक्ष वेधलं की जिंकलो’ असं ठरवलं की पुढची जाहिरात मागच्यापेक्षा भडक करावी लागते. २००९ मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी त्यांनी बायका आणि भाज्या यांची अशी काही जाहिरात केली की एनबीसी वाहिनीने ती दाखवायला नकार दिला. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात मोठा फलक लागला. त्यावर बिकिनीतल्या जाड बाईची पाठमोरी आकृती आणि ‘व्हेल वाचवा, चरबी घटवा, शाकाहारी व्हा’ अशी ओळ. ओरड झाली, फलक उतरवला. २०१२ मध्ये एक व्हिडिओ आला. गळ्याला पट्टा बांधलेली, लंगडत चालणारी मुलगी, का तर तिचा मित्र व्हीगन झालाय आणि अंथरुणात त्याची ताकद फार वाढलीय. मार खाऊन घरी येणारी बाई जशी दिसते तशी ती दिसत होती, आणि ते विनोद म्हणून दाखवलं होतं. फरच्या कोटापासून निघालेली गाडी वीसेक वर्षांत इथवर आली. यात प्राणी कुठे आहे ते तू मला सांग. व्हेलसुद्धा फक्त शिवी म्हणून आलाय.

म्हणजे चर्चा होते, दादा खरं बोलतायत. फक्त ती बिकिनीची होते.

चर्चेने मदत तरी वाढते का, हे तपासून पाहिलं गेलं आहे. २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. ८२ तरुण विद्यार्थी, सगळे पुरुष. काहींना पेटाच्या अशा कामुक जाहिराती दाखवल्या, काहींना साध्या. कामुक जाहिराती पाहिलेल्यांची संघटनेला पाठिंबा देण्याची इच्छा कमी निघाली. मग अमेरिकेतल्या २८० स्त्री-पुरुषांवर पुन्हा तेच केलं. तिथे नुसती इच्छा नव्हे, मोहिमेला उपयोगी पडेल अशी कृतीही कमी भरली. संशोधकांनी कारण शोधलं ते असं : पाहणाऱ्याच्या मनात त्या जाहिरातीतली बाई माणूस म्हणून उणी झाली होती, आणि ती जितकी उणी, तितका पाठिंबा कमी. एका अभ्यासाने जग सिद्ध होत नाही. पण ‘हे चालतं’ म्हणणाऱ्यांकडे निदान एवढा तरी पुरावा असावा, अशी माझी अपेक्षा आहे. दादांना विचार.

आता तुला जे खटकलं त्याच्या मुळाशी येऊ.

ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी पाळलेली कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोची होते आणि कापली जाते. इतक्या लवकर इतकं मांस चढावं, तेही छातीवर, अशा बेताने ती जात पैदास करून घडवली आहे. अनेकींच्या पायांना ते वजन झेपत नाही. तिच्या बाजूने तुमच्या गटाचं म्हणणं असं, की तिच्याकडे जिवंत जीव म्हणून कुणी पाहिलंच नाही. ती अंड्यातून बाहेर येण्याआधीच लेग, ब्रेस्ट आणि विंग झालेली असते. हे म्हणणं मला पटतं. (मी मासे खाते, म्हणून माझं मत किती मोजायचं ते तू ठरव.)

तर पोस्टर हे म्हणणं कसं मांडतं? बाईचे तसेच तुकडे पाडून दाखवतं, म्हणजे बघणारा हादरेल आणि कोंबडीचा विचार करेल. हादरायला मात्र एक अट आहे : बाईकडे तुकडे म्हणून पाहणं त्याला अघोरी वाटायला हवं. जंगली महाराज रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या किती जणांना ते अघोरी वाटेल? उलट ‘लेग पीस हवाय?’ हा विनोद विनोद म्हणून चालतो तो केवळ या जोरावर की बाईला असं बघायची सगळ्यांना चांगली सवय आहे. तुमचं पोस्टर एकाच माणसाकडून दोन गोष्टी मागतंय : त्याने ओळीवर हसावं आणि चित्राने दचकावं. दोन्ही एकदम होत नाही. तो हसेल, फोटो काढेल, मित्रांना पाठवेल आणि रविवारी नेहमीच्या दुकानातून एक किलो स्किनलेस घेऊन घरी जाईल. जिवंत शरीर ही वापरायची वस्तू नव्हे, हे सांगायला तुम्ही एक जिवंत शरीर वापरायची वस्तू करताय. वाक्य त्याच वाक्यात खोडलं जातंय.

हे मी किंवा तू आज शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात ‘फेमिनिस्ट्स फॉर ॲनिमल राइट्स’ नावाचा गटच होता. त्या सगळ्या प्राण्यांच्या बाजूच्या, मांस सोडलेल्या बायका होत्या आणि चळवळीच्या आतून हेच बोलत होत्या. तेव्हा ‘तुला प्राण्यांचं काही पडलेलं नाही’ हे कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

आणखी एक गोष्ट बघ. १९८४ साली ब्रिटनमध्ये फरविरोधी एक पोस्टर प्रचंड गाजलं. ग्रीनपीसने ते काढलं, नंतर ‘लिंक्स’ नावाच्या संघटनेने चालवलं. उंच टाचांची बाई फरचा कोट फरफटत नेतेय, मागे रक्ताचा ओघळ. ओळ अशी, की असा कोट बनवायला ४० पर्यंत मुके प्राणी लागतात, पण घालायला एकच. इंग्रजीत ‘मुका’ आणि ‘मठ्ठ’ यांना एकच शब्द आहे, त्यावर तो खेळ. जाहिरात म्हणून पहिल्या दर्जाची, यात वाद नाही. पण सापळा लावणारा, कातडी सोलणारा, कोट विकून बंगला बांधणारा चित्रात नाही. गुन्हेगार एकटी ती बाई. या मोहिमांमध्ये बाईला दोनच भूमिका मिळाल्या, एक तर ती मांस आणि नाही तर ती मठ्ठ. आणि त्याच चळवळीत रात्री-अपरात्री पिंजरे उचलणाऱ्या, पिल्लांना बाटलीने दूध पाजणाऱ्या बहुसंख्य कोण असतात, ते तुला तुमच्या शनिवारच्या हजेरीवरून माहीत आहेच.

म्हणूनच मला रुक्मिणीदेवी अरुंडेल आठवतात. त्या नर्तकी होत्या. ज्या काळात घरंदाज बाईने रंगमंचावर उभं राहणं हेच पाप समजलं जाई, त्या काळात त्या भरतनाट्यम नाचल्या. शरीर लोकांसमोर आणण्याची भीती त्यांना कुणी शिकवायला नको होती. १९५२ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाल्यावर त्यांनी प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक आणलं. सरकार स्वतः कायदा करील असं आश्वासन पंडित नेहरूंनी दिलं, तेव्हा ते मागे घेतलं. १९६० मध्ये कायदा झाला, १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ आलं आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. त्याआधी ब्रिटनमध्ये, १८८९ साली, मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईने फक्त बायकांचा एक गट काढला. टोपीत पक्ष्यांची पिसं घालणार नाही, एवढी एकच शपथ. आज तीच पक्षी वाचवणारी संस्था ‘आरएसपीबी’ म्हणून जगभर ओळखली जाते. पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा यायला १९२१ उजाडलं. बत्तीस वर्षं चिकाटीने पत्रं, सभा, सह्या. मुद्दा फॅशनचाच होता, तरी त्यांना कुणाचे कपडे उतरवावे लागले नाहीत. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी अशा आयात मालावरही. तीसुद्धा नियमांमध्ये दुरुस्ती करून. कंटाळवाणं काम, फोटो चांगले येत नाहीत.

आता सावधगिरीचा एक मुद्दा, नाही तर बोलता बोलता तू भलत्याच लोकांच्या रांगेत जाऊन उभी राहशील. तुझा आक्षेप बिकिनीला नाही, हे तू स्वतःशी नीट घोकून ठेव. १९९५ साली मुंबईत मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांची बुटांची जाहिरात आली. अंगावर फक्त बूट आणि दोघांभोवती अजगर. आम्हा जाहिरातवाल्यांना त्या काळात दुसरा विषय नव्हता. अश्लीलतेचा खटला भरला गेला तो २००९ पर्यंत, चौदा वर्षं चालला आणि शेवटी सगळे सुटले. अजगर वापरला म्हणून वन्यजीव कायद्याखाली वेगळं प्रकरण झालं ते निराळंच. त्या सगळ्या गदारोळात प्रश्न एकच होता : अंग किती दिसलं? ‘हा माणूस इथे माणूस म्हणून आहे की सामान म्हणून’, हे कुणी विचारलं नाही. तू तेच विचारतेयस. पूर्ण कपड्यातल्या बाईचंही सामान करता येतं, आणि विवस्त्र माणूसही माणूस म्हणून दाखवता येतो. पेटाच्याच ‘मिंक नको, टॅटू हवा’ अशा अर्थाच्या मालिकेत (मिंक म्हणजे फरसाठी मारला जाणारा एक प्राणी) बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमन उघडा बसलाय. त्याच्याकडे बघताना तो कोण, त्याने अंगावर काय गोंदवलंय, त्याची मिजास काय, हे सगळं दिसतं. त्याच्या मांडीवर ‘लेग’ असं कुणी लिहिलेलं नाही.

म्हणून स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६चा कायदा वगैरे काढून धमकावू नकोस. ती काठी एकदा बाहेर काढली की पुढच्या वेळी कुणाच्या पाठीत बसेल सांगता येत नाही, बहुधा मुलींच्याच. हवाच असेल तर जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्या ‘ॲस्की’ या संस्थेचा आधार घे. २०२२ मध्ये त्यांनी लिंगभावाच्या साचेबद्ध चित्रणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कुणाचंही, स्त्रीचं किंवा पुरुषाचं, केवळ नजर चाळवण्यासाठी लैंगिक वस्तूकरण करू नये, असं त्यात म्हटलंय. साबण आणि दुचाक्या विकणाऱ्यांनी स्वतःवर जी मर्यादा घालून घेतली, ती करुणा शिकवायला निघालेल्यांना जड का जावी?

‘तिचं शरीर, तिची मर्जी’ याने तू अडखळलीस. वाक्य बरोबरच आहे. पण ते एकाच प्रश्नाचं उत्तर आहे : तिच्यावर कुणी जबरदस्ती केली का? हे पोस्टर काय बोलतं आणि कुणाबद्दल बोलतं, हा वेगळा प्रश्न आहे. तिथे तुझ्या मैत्रिणीची संमती सगळ्या बायकांच्या वतीने चालत नाही. शिवाय तिचं शरीर तिची मर्जी, तसे तुझे हात तुझी मर्जी. तिच्या मांडीवर तुटक रेष ओढायला तू नकार देऊ शकतेस. त्याने तिचं कुठलंही स्वातंत्र्य कमी होत नाही.

मात्र मैत्रिणीशी बोल. एकटीशी, बाहेर कुठे तरी. तिला पटवायला नको, विचारायला जा. तिने विचार केलाय का, की पोस्टरखालची ओळ आणि गटाचं नाव तासाभरात कापलं जाईल आणि नुसता तिचा फोटो फिरत राहील? तिच्या ऑफिसात, तिच्या गावच्या ग्रुपवर, पुढे कुणी त्यात छेडछाड करून? दादांची मुलाखत छापून येईल, कॉमेंट्स तिला वाचाव्या लागतील. हे सगळं माहीत असून ती तयार असेल तर तिचा निर्णय मान, आणि तोंडात एकही टोमणा येऊ देऊ नकोस. फक्त एवढं तिच्याकडून करून घे : फोटो कुठे, किती दिवस वापरणार हे कागदावर लिहून घ्यायचं. रॉ फाइल्स तिच्याकडे राहतील. तिने सांगितलं की फोटो उतरवायचा, कारण न विचारता. मोठ्या एजन्सीतल्या पैसे घेणाऱ्या मॉडेललाही करार मिळतो, मग फुकट उभं राहणारीला तोही नको का?

आता बैठक. व्हॉट्सॲपवर वाद घालू नकोस, तिथे हसण्याच्या इमोजी जिंकतात. समोरासमोर बस आणि हातात दोन तयार लेआउट घेऊन जा. डिझायनरने नुसतं ‘नको’ म्हटलं तर ती तक्रार वाटते, ‘हे नको, हे घ्या’ म्हटलं तर ते काम होतं. मला सुचलेलं सांगते, आवडलं तर घे.

एक. अंड्यासाठी पाळलेल्या कोंबडीला बॅटरी पिंजऱ्यात, म्हणजे ओळीने रचलेल्या तारेच्या पिंजऱ्यात, जेवढी जागा मिळते ती एका ए-फोर कागदापेक्षा कमी असते. मग पत्रकच ए-फोरचं छाप. कोऱ्या पानावर खऱ्या मापाच्या कोंबडीच्या पायांचे ठसे आणि कोपऱ्यात बारीक एकच ओळ : तिचं सगळं आयुष्य या कागदाहून लहान जागेत जातं. हातात घेणाऱ्याला मोजावं लागत नाही, त्याच्या हातातच माप आहे. हे पत्रक चुरगाळून फेकणाराही ते आधी एकदा डोळ्यांपुढे धरतो.

दुसरं मला जास्त आवडतं. दुचाकीच्या हँडलला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या तू रोज बघतेस. जनावराला विनाकारण यातना होतील अशी वाहतूक करणं हा रुक्मिणीदेवींच्या खटपटीतून आलेल्या त्याच १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर ठरलेली रक्कम. तो दुचाकीचा फोटो आणि त्यावर भलामोठा आकडा : ‘₹ ५०’. बाकी काही लिहू नकोस, खाली कायद्याचं नाव. मटण-चिकन सेंटरच्या पाटीवर हसणारी कोंबडी काढलेली असते ना, त्या पाटीच्या शेजारी हे लावलं तर काय दिसेल याचा विचार कर.

आणि तुमच्या मोहिमेत बायकांचा धागा हवाच असेल तर तो विषयातच पडलाय, बाहेरून आणायला नको. अंडी काय, दूध काय, मादीच्या शरीरातून काढलेलं. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लू बिनकामाचं, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी मारतात, आणि मादी कामाची, म्हणून पिंजऱ्यात. एवढं मोठं हाती असताना दादांना ‘लेग पीस’ सुचावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पोस्टर कुणासाठी आहे, हेही बैठकीत विचार. रविवारचं चिकन आणायचं की नाही हे किती तरी घरांत शिजवणारी बाई ठरवते. ती हे पोस्टर बघून मान फिरवेल, मुलगा बरोबर असेल तर जरा जास्तच झटकन. आणि पुण्यातून ‘चिकन सोडा’ असं कुणी म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राच्या कानावर आधी जात पडते, कोंबडी नंतर. आपल्याकडे शाकाहाराला सोवळ्याचा वास आहे, तो तुमच्या गटाने आणलेला नसला तरी तुम्हाला चुकणार नाही. अशा ठिकाणी बोलताना आपण ज्याच्याशी बोलतोय त्याला मान देऊन बोलावं लागतं. द्व्यर्थी ओळ तेवढं एकच काम करत नाही.

यानंतरही दादा म्हणाले की तेच पोस्टर हवं, तर एवढं म्हण : ‘मी हे करणार नाही. बाकी मोहिमेचं जे काम द्याल ते करीन.’ पुढे स्पष्टीकरण देत बसू नकोस. आणि रागाने चुकीची फाइल पाठवणं, शेवटच्या दिवशी फोन बंद ठेवणं असलं काही करू नकोस.

गट सोडायचा का, हे त्यानंतर ठरव. पोस्टर कुठलं निवडलं यापेक्षा तुझा नकार त्यांनी कसा घेतला, यावर ठरव. ‘तिकडे प्राणी मरतायत आणि तुला अमुकचं पडलंय’ हे वाक्य मला पोस्टरपेक्षा जास्त टोचलं. आज अमुकच्या जागी बिकिनी आहे. उद्या एखादी मुलगी म्हणेल की रेस्क्यूला जाताना गाडीत अमक्याने अंगाला हात लावला, तेव्हा तिलाही हेच ऐकवलं जाईल का? हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या ‘ह्यूमेन सोसायटी’ या बलाढ्य संस्थेच्या प्रमुखांना, वेन पसेल यांना, फेब्रुवारी २०१८ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांनंतर राजीनामा द्यावा लागला. आरोप त्यांनी नाकारले. पण ध्येय मोठं आहे म्हणून बायकांनी गप्प राहायचं, ही सवय त्या चळवळीत किती मुरली होती यावर तेव्हा तिथल्या बायका जाहीरपणे बोलल्या. तुझ्या दादांवर मी काही आरोप करत नाहीये. त्यांना मी ओळखत नाही, आणि ते नुसतेच आळशी कॉपीरायटर असण्याची शक्यता दांडगी आहे. तरी विचारून ठेव, की तुमच्या गटात तक्रार कुणाकडे करायची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात विनावेतन, स्वेच्छेने काम करणारीही ‘कर्मचारी’ या व्याख्येत येते. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हा प्रश्न ऐकून बैठकीत लोक एकमेकांकडे बघायला लागले तर ते नीट पाहून घे.

आणि शेवटी सोडलासच, तर शनिवार मोकळा राहील म्हणून घाबरू नकोस. पुण्यात आणि आसपास जखमी कुत्री, मांजात अडकलेल्या घारी, रस्त्यावर सोडून दिलेली म्हातारी गुरं सांभाळणारे गट बरेच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची पत्रकं डोळ्यांना त्रास होईल अशी असतात. फुकटात डिझायनर मिळतेय म्हटल्यावर तुला कुणीही परत पाठवणार नाही.

– तुझी, ताई